विजेचा ताळेबंद

वीज कमी पडली तर काय करावे, असा प्रश्न अमरावतीच्या जयस्तंभ चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर दहा जणांना विचारला, तर त्यांपैकी नऊ जण एकच उत्तर देतील : नवे वीजकेंद्र उभारावे. हे उत्तर सरळ आहे आणि पुष्कळदा ते बरोबरही ठरते. परंतु ते पहिले उत्तर असावे की शेवटचे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

घरातली धान्याची कणगी लवकर रिकामी होऊ लागली, तर शहाणी गृहिणी लगेच बाजारातून नवे पोते आणवीत नाही. कणगीला उंदराने भोक तर पाडले नाही ना, स्वयंपाकात नासाडी तर होत नाही ना, हे ती आधी पाहते. मग उरलेल्या गरजेपुरते धान्य आणते. विजेच्या बाबतीत हाच हिशेब मांडणे, म्हणजे वीज निर्माण करण्याचे आणि वाचविण्याचे सर्व मार्ग एकाच तराजूत तोलून त्यांतले स्वस्त व हितकर मार्ग आधी निवडणे, याला साधनांचे एकात्मिक नियोजन म्हणतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हा विचार अमेरिकेत रुजला. तेथील वायव्य भागात मागणीचे फुगीर अंदाज धरून पाच अणुवीजकेंद्रे हाती घेण्यात आली होती. त्यांपैकी एकच पुरे झाले, आणि १९८३ साली त्यांपैकी दोन केंद्रांसाठी काढलेले कर्जरोखे बुडाले. त्याआधीच, १९८० साली, त्या भागासाठी झालेल्या कायद्याने वीजबचत हेही विजेचे एक साधनच, किंबहुना पहिले साधन, असे मान्य केले होते.

या विचाराचा पाया साधा आहे. माणसाला वीज नको असते. विजेने होणारे काम हवे असते. शेतकऱ्याला हवे ते पाणी, गृहस्थाला हवा तो गारवा, विद्यार्थ्याला हवा तो उजेड.

शेतातल्या पंपाचे उदाहरण घेऊ. एक हजार लिटर पाणी १०० फूट वर उचलावयास शास्त्राप्रमाणे एका युनिटाचा सुमारे बारावा भाग पुरे होतो. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ३० टक्के असेल, तर पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. तीच कार्यक्षमता ५० टक्क्यांवर नेली, तर एक षष्ठांश युनिटात काम भागते. पाणी तितकेच मिळते आणि वीज मात्र ४० टक्के वाचते. शिवाय वीज केंद्रापासून शेतापर्यंत येताना वाटेत गळते. शंभरातील वीस युनिटे वाटेत गेली असे धरले, तर शेतात वाचलेली ८० युनिटे म्हणजे केंद्रात वाचलेली १०० युनिटे होत. त्या शंभर युनिटांमागे सुमारे ७० किलो कोळसा वाचतो. २०१५ साली केंद्र सरकारने जुन्या केंद्रांसाठी घातलेली पाण्याची मर्यादा धरली, तर ३५० लिटर पाणीही वाचते.

हा पाण्याचा आकडा वऱ्हाडाच्या माणसाने विसरू नये. अकोला जिल्ह्यात पारस येथे १९६० नंतरच्या दशकात वीजकेंद्र सुरू झाले. ते जुने संच आता बंद आहेत आणि त्यांच्या जागी २५० मेगावॅटचे दोन संच चालतात. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे १,३५० मेगावॅटचे खाजगी केंद्र उभे राहिले. त्याला पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचे. याच धरणावर अमरावती शहराची तहान भागते आणि याच धरणाकडे शेतकरी ओलितासाठी डोळे लावून बसतो. म्हणूनच २०१० च्या सुमारास या पाण्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलने केली. वरील मर्यादेनेच हिशेब केला, तर हे केंद्र वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालविण्यास सुमारे ३ कोटी ३० लाख घनमीटर पाणी लागेल. शेतात अर्धा मीटर खोलीचे पाणी द्यावयाचे म्हटले, तर ते ६,६०० हेक्टरांना पुरावे. केंद्र नकोच, असा याचा अर्थ नाही. मात्र केंद्राच्या किंमतीत हे पाणी धरले पाहिजे, आणि ती किंमत बचतीच्या किंमतीशेजारी मांडून पाहिली पाहिजे.

असे न केल्याने काय होते, ते महाराष्ट्राने दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. दाभोळच्या प्रकल्पाचा करार १९९३ च्या डिसेंबरात झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेने तो आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. १९९९ साली वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की २००१ साली मंडळाने ती घेणे थांबविले. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत आणि शंतनु दीक्षित यांनी याच काळात महाराष्ट्रासाठी कमीत कमी खर्चाचे वीजनियोजन कसे करता येईल, याचा अभ्यास मांडला. पुढे २००५ नंतरची काही वर्षे वऱ्हाडातल्या खेड्यांनी तासन्‌तास भारनियमन सोसले. त्यानंतर लगेच उलटा प्रसंग आला : केंद्रे उदंड झाली, त्यांतली काही बंद ठेवावी लागली, आणि न घेतलेल्या विजेचाही स्थिर आकार ग्राहकांच्या बिलातून द्यावा लागला. आधी दुष्काळ, मग महापूर. दोहोंचे कारण मागणीचा चुकलेला अंदाज.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. वीज किती लागते याबरोबरच ती केव्हा लागते, यावरही खर्च अवलंबून असतो. शेतीला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, अशी पाळी वर्षानुवर्षे चालत आली. थंडीच्या रात्री, पायाखाली साप आहे की काय हे न दिसता, गव्हाला पाणी देण्यास जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आधार हाच, की पंप दिवसा चालू शकतो आणि सूर्यही दिवसाच असतो. मागणी उन्हाकडे सरकविली की साठवणुकीचा खर्च वाचतो आणि शेतकऱ्याची रात्रही वाचते. परंतु येथेही ताळेबंद पुरा मांडावा लागेल. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीजबिल नाही. मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात भूजल आधीच अति उपसले गेले आहे. वीज फुकट झाली म्हणजे विहिरीचा तळ फुकट होत नाही.

आता शहराकडे वळू. अकोल्याचा मे महिना सर्वांच्या परिचयाचा आहे. खोलीतला कूलर सुमारे २०० वॅट वीज घेतो, तर दीड टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे १,५००. दुपारी दहा हजार घरांत ही यंत्रे एकदम चालली, तर १५ मेगावॅट लागतील. कूलर चालले, तर दोन. आपल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता शोषून घेते. पावसाळी दमट हवेत मात्र त्याचे काही चालत नाही. आणि कूलरलाही पाणी लागतेच, तेही हिशेबात धरावे. गच्चीला पांढरा चुना दिला, घरावर सावली राखली, तर दोहोंची गरज कमी होते. हाही विजेचाच पुरवठा होय. फक्त तो तारेतून येत नाही.

हा ताळेबंद मांडावयाचा कोणी? वीज कंपन्यांनी मांडावा, हे खरेच. आणि पुढील वर्षांची मागणी व साधने यांचा मेळ दाखविणे आता त्यांच्यावर बंधनकारक होत आहे. परंतु १९९९ पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे आणि दर ठरविण्यापूर्वी तो सामान्य नागरिकाचे म्हणणे ऐकतो. तेथे आपण बहुधा एवढेच विचारतो : दर का वाढला? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे : हे नवे केंद्र घेण्यापूर्वी तितकेच काम कमी विजेत होईल काय, हे तुम्ही पाहिले काय? ज्या प्रदेशात धरणातल्या प्रत्येक थेंबाला तीन दावेदार आहेत, तेथील नागरिकांनी तर हा प्रश्न सोडताच कामा नये.