बास मासा : एक आजन्म छंद

छंद असा असावा कीं, तो बाळपणीं लागावा व वार्धक्यांतहि सुटूं नये. अमेरिकेंत बास मासा गळानें धरण्याचा छंद असाच आहे. गोड्या पाण्यांतील हा मासा पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून बसतो. म्हणून ऋतु, ऊन व पाणी यांचा अभ्यास जन्मभर पुरतो.

१९३२ सालीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. घरच्यांनीं तो खाल्ला. विक्रम मात्र उरला. २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरावर मानाबु कुरिता यांनीं त्याची बरोबरी केली.

परंतु खरी कसोटी मासा सोडण्यांत आहे. वसंतांत नर बास घरट्यांतील अंड्यांची राखण करतो. त्यास उचलून नेल्यास इतर मासे तीं फस्त करितात. १९७२ सालीं रे स्कॉट यांनीं आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याची प्रथा पाडली. हात ओले करून मासा धरावा, गळ हळूच काढावा व त्यास पाण्यांत सोडावें.

विद्यार्थिमित्रहो, हातचें सोडूं नये असें आपण म्हणतों. येथें मात्र हातचें सोडलें, तरच नातवंडांनाहि तळ्याकाठीं बसण्यास कारण उरेल.