पंचावन्न टक्क्यांवर तालीम थांबत नाही

बारावीचा निकाल लागला की नव्वद-पंच्याण्णव टक्केवाल्यांचे सत्कार होतात. पंचावन्न टक्क्यांची मुलगी गुपचूप घरकामाला लागते, मुलगा गॅरेजवर जातो. "अब आगे पढके क्या करना?" एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो. अशा मुलांचे शिक्षण गुणांमुळे कमी आणि माहितीअभावी जास्त थांबते.

उर्दू शिकलेल्या मुलांसाठी एक दार उघडे आहे: हैदराबादचे मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी, म्हणजेच 'मानू'. संसदेच्या कायद्याने १९९८ मध्ये सुरू झालेले हे केंद्रीय विद्यापीठ. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांपुढे लहान. पण उर्दूतून उच्च आणि तांत्रिक शिक्षण देणे व स्त्रीशिक्षणावर भर देणे, हे त्याच्या कायद्यातच लिहिलेले आहे.

बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमांना आधीच्या परीक्षेतील गुणांवर प्रवेश मिळतो. बी.एड. आणि पॉलिटेक्निकला प्रवेश परीक्षा असते. मुख्य अट उर्दूची. दहावी, बारावी किंवा पदवीला उर्दू माध्यम अथवा उर्दू विषय असावा लागतो. मान्यताप्राप्त मदरशांच्या सनदांवरही अर्ज करता येतो. मराठी शाळेतल्या मुलांचे पालक इथेच अडतात. शाळेत उर्दू विषयाची सोय असेल, तर मूल आठवीत असतानाच विचार करा. बारावीनंतर ही उणीव भरून काढणे अवघड जाते.

"मुलीला हैदराबादला कसे पाठवायचे?" ही काळजी रास्त आहे. तिथे मुलींचे वसतिगृह आहे. मन मानत नसेल, तर बी.एड.साठी विद्यापीठाचे एक महाविद्यालय औरंगाबादेत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात आहे. शिवाय घरी राहून दूरशिक्षणातून शिकता येते. त्याचे विभागीय केंद्र मुंबईत आहे. लग्न झालेल्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलींनी या वाटेचा जरूर विचार करावा.

प्रवेश सोपा असला तरी कागद सोपे नाहीत. आपल्या मुलांचे अर्ज बहुधा तिथेच अडकतात.

पहिली गोष्ट नावाची. गुणपत्रिकेवर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मो. शेख' आणि बँकेत तिसरेच काही. दहावीची गुणपत्रिका आधार मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. शाळा सोडल्यावर शाळेचे रजिस्टर बदलणे फार त्रासाचे असते.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. बागवान, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. केंद्रीय विद्यापीठात ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. पण तिथे राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहून केंद्रीय नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा दाखला तहसीलमधून काढावा लागतो. कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांना ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागा आहेत. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, म्हणून परीक्षा संपताच अर्ज टाका.

तिसरी गोष्ट बोर्डाच्या मायग्रेशन प्रमाणपत्राची. राज्याबाहेर जायचे तर ते लागते.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तारखा, फी आणि अटी दरवर्षी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात येतात. ते स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका. मोबाइल नंबर घरातलाच द्या, म्हणजे पुढचे निरोप चुकणार नाहीत.

एक गोष्ट मुलांनाही सांगायला हवी. दार उघडे आहे म्हणून आतला अभ्यास हलका नाही. शिकायचे उर्दूतून, पण नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी आणि संगणक विचारले जातात. पहिल्या वर्षापासून त्यांचीही तयारी ठेवावी. आठवीपर्यंतच्या वर्गांचे शिक्षक व्हायचे असेल तर टीईटीही द्यावी लागते.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात यंदा बारावी झालेले मूल असेल, तर या आठवड्यात त्याची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नाव तपासा. एवढ्या कामाला टक्के लागत नाहीत.