पोल बार्न गरम करताय? आधी ओलाव्याचं बघा

आजचा विषय अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या थंड राज्यांचा. पोल बार्न म्हणजे जमिनीत लाकडी खांब पुरून वर पत्रे ठोकलेली मोठी शेड. जानेवारीत बाहेर उणे २० अंश सेल्सिअस, आणि आत गाडीचं काम करायचंय. मग काय, लोक प्रोपेनचा हीटर आणतात आणि पेटवतात. गडबड इथेच होते.

साधी केमिस्ट्री आहे. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. हीटरला धुराडं नसेल तर ती वाफ आतच राहते आणि गार पत्र्याला लागली की पाणी होऊन टपकते. लाकूड कुजतं, फायबरग्लास भिजतं. आणि भिजलेलं फायबरग्लास ऊब धरत नाही. त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड. ना वास, ना रंग. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी फटी बुजवा. मग फायबरग्लास, आणि त्याच्या आतल्या, उबदार बाजूला प्लास्टिकचा सलग पडदा. फोम वापरलात तर उघडा सोडू नका, तो झपाट्याने पेटतो. वरून जिप्सम बोर्ड लावा. हीटर सगळ्यात शेवटी: हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साठते, त्यामुळे ज्योत किमान १८ इंच वर हवी. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

तिकडे शेड घेतलेला कुणी मित्र असेल, तर हा भाग त्याला थंडीआधीच पाठवा. भेटूया!