लोखंडी रुळांच्या साथीने : जुनवानीहून छत्तीसगड दर्शन

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना, एवढीच आपली ओळख असते. परंतु २०१६ साली सुरू झालेली आयआयटी भिलाई आता जवळच्या कुटेलाभाठा येथे स्थिरावली आहे, आणि शहराच्या उत्तर भागातील जुनवानी परिसरातही महाविद्यालये आहेत. त्यामुळे पाल्याला प्रवेश घेऊन देण्यासाठी अथवा बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे येथे येतात. काम आटोपले की बहुतेक जण थेट परतीची गाडी पकडतात. हाताशी दोन-तीन दिवस असतील, तर भाड्याची मोटार न करताही या भूमीचे मनोहर दर्शन घडू शकते. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रवासाची गुरुकिल्ली

मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग भिलाईतून जातो. मुंबईहून हावडा मेल व गीतांजली, तर पुण्याहून आझाद हिंद या गाड्या दुर्ग स्थानकावर थांबतात. दुर्ग, भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस, भिलाई, देवबलोदा चरोदा, कुम्हारी व रायपूर ही स्थानके या एकाच मार्गावर असून मेमू व पॅसेंजर गाड्यांनी अल्प खर्चात जोडलेली आहेत. जुनवानीहून सामायिक ऑटोने हमरस्ता व तेथून स्थानक गाठता येते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : महाराष्ट्रातील एस.टी.सारखी राज्य परिवहनाची सेवा येथे नाही. गावोगावच्या बसगाड्या खाजगी मालकांच्या आहेत. म्हणून मुख्य भिस्त रेल्वेवर ठेवणे श्रेयस्कर.

पहिला दिवस : भिलाई आणि देवबलोदा

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्यात पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. मात्र त्या मैत्रीचे स्मारक म्हणून १९७२ साली साकारलेले 'मैत्री बाग' हे उद्यान व प्राणिसंग्रहालय सर्वांसाठी खुले आहे. तेथील पांढरे वाघ हे बालगोपाळांचे विशेष आकर्षण.

दुपारनंतर मेमूने देवबलोदा चरोदा गाठावे. कलचुरीकालीन शिवमंदिर येथे उभे आहे. बाह्य भिंतींवरील शिल्पपट्ट, मंडपाचे कोरीव स्तंभ आणि शेजारचे कुंड पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. शिखराचे काम अपुरे राहिले, याविषयी स्थानिक आख्यायिकाही ऐकावयास मिळते. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभलेले हे मंदिर वेगवान गाड्यांतील प्रवाशांच्या नजरेतून निसटते. पॅसेंजरने जाणाऱ्यालाच ते गवसते.

दुसरा दिवस : राजनांदगाव व डोंगरगड

दुर्गच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर राजनांदगाव आहे. मराठी वाचकाने येथे अवश्य उतरावे. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध मराठी घराण्यातले. १९५८ पासून ते येथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते; १९६४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांना मराठी समीक्षाग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा समृद्ध केल्या! राणीसागर व बूढासागर या तलावांच्या सान्निध्यातील महाविद्यालयाच्या परिसरात 'त्रिवेणी' हे स्मारक आहे.

तेथून पुढच्या गाडीने डोंगरगड. टेकडीवरील बम्लेश्वरी देवीच्या दर्शनासाठी हजाराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. रज्जुमार्गाची सोय आहे. तथापि देखभालीसाठी तो अधूनमधून बंद असतो. म्हणून ज्येष्ठांनी आधी चौकशी करावी. पायथ्याशीही देवीचे मंदिर आहे. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेल्या जैन आचार्य विद्यासागर महाराजांनी येथील चंद्रगिरी तीर्थावर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी देह ठेवला.

तिसरा दिवस : रायपूर

१८७५ साली स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय, दूधाधारी मठ आणि बूढा तलाव ही स्थळे एका दिवसात पाहून होतात. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली काढणारे आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांची ही कर्मभूमी. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर होती, हे स्मरले की परकेपणा उरत नाही.

काही उपयुक्त सूचना

• सोमवारी संग्रहालये बहुधा बंद असतात. त्या दिवशी डोंगरगड ठेवावे.
• नवरात्रात डोंगरगडला प्रचंड गर्दी होते. विशेष गाड्या सुटतात, तरी वृद्धांनी तो काळ टाळावा.
• ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाडेसवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. अंदाजपत्रक पूर्ण भाडे धरूनच आखावे.
• परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. पॅसेंजर गाड्यांना विलंब होतो, म्हणून एक गाडी आधीची निवडावी.
• ऑटोसाठी सुटे पैसे जवळ बाळगावेत व भाडे आधी ठरवावे.
• मे महिन्यातील ऊन कडक असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखकर.

प्रवासाचे मोल खर्चलेल्या रकमेवर ठरत नाही. सहप्रवाशांच्या शिदोरीतला घास आणि छत्तीसगडी बोलीतली आपुलकी मोटारीच्या बंद काचेआड मिळत नाही. वाचकहो, पुढच्या खेपेस परतीचे आरक्षण तीन दिवस पुढचे करा. शुभास्ते पंथानः!