रिमोटचा ट्रक आणि गादीखालची बॅटरी

ईदच्या तिसऱ्या दिवशी आमखास मैदानावर आमच्या धाकट्याचा ट्रक सिमेंटच्या कठड्यावर आपटला. रिमोटवर चालणारा, हातभर लांब, फुगीर चाकांचा ट्रक. रियाधला नोकरी करणाऱ्या मामूंनी सुट्टीवर येताना आणलेला. समोरून पोरांची टोळी धावत आली, तिला चुकवायला त्याने स्टिअरिंग वळवले आणि ट्रक भरवेगात कठड्यावर गेला. घरी आला तेव्हा पुढचे डावे चाक लोंबत होते, बंपरचे दोन तुकडे झाले होते आणि धाकट्याचे तोंड एवढेसे झाले होते. "थोडासा लगा, अब्बा," एवढेच बोलून तो खोलीत गेला. पाहुण्यांची गर्दी होती. रविवारी बघू, असे म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

पहाटे चारच्या सुमारास दादी शव्वालच्या रोजाच्या सहरीसाठी उठल्या. मुलांच्या खोलीतून नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा गोडसर वास येतोय, म्हणून त्यांनी आम्हाला उठवले. धाकट्याच्या गादीखालून एक वायर निघून भिंतीतल्या प्लगकडे गेली होती. गादी उचलली तर ट्रकची बॅटरी चार्जिंगला लावलेली आणि पुरीसारखी फुगलेली. तिचा एक कोपरा चेपलेला होता.

आधी भिंतीवरचे बटण बंद केले, मग मुलांना बाहेर काढले. धूर नव्हता, म्हणून बॅटरी उचलण्याचे धाडस केले. शेजारी बांधकाम चालू होते. तिथली वाळू घमेल्यात घेतली, लांब चिमट्याने बॅटरी त्यात ठेवली आणि घमेले गच्चीवर मोकळ्या जागी नेले. धूर किंवा ठिणगी दिसली असती तर बॅटरीला हात न लावता सगळ्यांना घराबाहेर काढून १०१ ला फोन करायचा, हे आम्हाला नंतर समजले. त्या रात्री अल्लाहने वाचवले आणि दादींच्या नाकाने.

धाकट्याला कोपरा चेपलेला दिसला होता, तरी तो बोलला नाही. कारण ट्रक हातात देताना आम्हीच त्याला म्हटले होते, "आपटलास तर मामूंना परत देऊन टाकू." गंमतीत म्हटलेले वाक्य नऊ वर्षांच्या मुलाने खरे मानले. चार्जरचा दिवा आम्हाला दिसू नये म्हणून त्याने सगळे गादीखाली ढकलले होते. आम्ही दोघे गच्चीच्या पायरीवर बसून फजरपर्यंत त्या घमेल्याकडे बघत होतो. रागवावे कोणाला, हे काही सुचत नव्हते.

या ट्रकमध्ये लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी असते, आणि आता घरोघरी अशी खेळणी येत असल्याने तिची माहिती असलेली बरी. आमच्या बॅटरीत दोन सेल आहेत, मिळून ७.४ व्होल्ट. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा होतो आणि ३ च्या खाली गेला की आतून खराब होऊ लागतो. सेलच्या आत पातळ थरांच्या घड्या असतात. मार लागून त्या एकमेकींना चिकटल्या तर आतल्या आतच शॉर्ट होतो, वायू धरतो, फुगवटा येतो आणि कधी कधी पेट घेतो. म्हणून आपटलेली, चेपलेली, फुगलेली बॅटरी "एकदा चार्ज करून बघू" म्हणायची वस्तू नाही. ती वापरातून बाद. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही, वेगळी ठेवून गोळा करणाऱ्यांकडे द्यायची. आम्ही ती वाळूसकट डब्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली.

आता आमच्या घरी चार्जिंग फक्त स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर, जागेपणी आणि कोणीतरी समोर असताना होते. जाड तारांच्या मुख्य प्लगशिवाय बॅटरीला तीन बारीक तारांचा एक पांढरा प्लग असतो. तो चार्जरला लावला म्हणजे दोन्ही सेल सारखे भरतात. आठवडाभर गाडी चालवायची नसेल, तर बॅटरी भरलेलीही ठेवत नाही आणि रिकामीही नाही. सेलला ३.८ व्होल्टवर ठेवतो. चार्जरवर त्यासाठी वेगळे बटण आहे.

रविवारी जुनी चादर पसरून ट्रक मध्ये ठेवला. धाकटा लांब उभा होता. "स्क्रू तू सांभाळायचेस," म्हटल्यावर जवळ येऊन बसला. अम्मीने मसाल्याचा रिकामा डबा दिला. एकेका वाटीत एकेका भागाचे स्क्रू टाकायचे, ही तिचीच युक्ती. हे स्क्रू बहुतेक षटकोनी खाचेचे असतात. स्वस्त एलन कीने खाच गोल झाली की स्क्रू निघता निघत नाही, म्हणून पाना चांगला घ्यावा.

अशी गाडी दुरुस्त होते की नाही, हे ती कोणत्या जातीची आहे त्यावर ठरते. शहागंज-गुलमंडीच्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या रिमोट गाड्यांत स्टिअरिंग, मोटर आणि संदेश पकडणारा रिसीव्हर यांचे सगळे काम एकाच पट्टीवर असते आणि सुटे भाग मिळत नाहीत. छंदासाठीच्या गाड्या मात्र उघडून पुन्हा जोडण्यासाठीच बनवलेल्या असतात. जपानच्या टामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही विजेवर चालणारी रिमोट गाडी सुटे भाग जोडून बनवायच्या संचाच्या रूपात काढली. ज्याने गाडी जोडली, त्याला ती मोडल्यावर पुन्हा उघडताही येते. आमचा ट्रक जोडलेलाच आला होता, पण खोक्यातल्या पुस्तिकेत प्रत्येक भागाचे चित्र आणि क्रमांक होता. ती पुस्तिका फेकू नका. सुटा भाग मागवताना तोच क्रमांक लागतो.

मोडतोड पाहताना एक गोष्ट कळली. जे तुटलेले दिसते त्यावर थांबायचे नाही. ठोसा चाकाला लागला, तर तो पुढे कुठे गेला ते शोधत जायचे. चाक धरणारा प्लास्टिकचा आर्म तुटला होता, हे कोणीही सांगेल. तो ज्या पिनेवर फिरतो ती पिन वाकली होती, हे ती काचेवर घरंगळवून पाहिल्यावर समजले. तिच्याही मागे स्टिअरिंगचा सर्वो होता. सर्वो म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, जी रिमोटच्या हुकमाने चाके वळवते. रिमोट फिरवला की आत घुर्रर आवाज यायचा आणि चाके जागची हलत नव्हती. डबी उघडली तर आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे तीन दाते गळून पडलेले.

आर्म चिकटवण्याचा प्रयत्न आम्हीही केला. झटपट चिकटवणारा डिंक लावला, दोरा गुंडाळला. हे प्लास्टिक नायलॉनच्या जातीचे असते, त्यावर तो डिंक धरत नाही. पहिल्याच वळणावर जोड सुटला.

वाळूजच्या एका कारखान्यात लेथ चालवणारे शेजारचे चाचा म्हणाले, "पिन मी करून देतो, आणि आर्म पण ॲल्युमिनियमचा करतो. पुन्हा तुटणारच नाही." तीन मिलिमीटरच्या सिल्व्हर स्टीलची पिन झकास झाली. आर्म तर इतका देखणा झाला की मोहल्ल्यातली पोरे पाहायला आली. सर्वो आणि बॅटरी नवी मागवली. सर्वो घेताना एक जपावे. त्याच्या दांड्याला २३, २४ किंवा २५ दाते असतात आणि वर बसणारी पट्टी त्याच मापाची लागते. आम्ही न पाहता मागवला आणि तो परत पाठवण्यात नऊ दिवस गेले.

नव्या बॅटरीचा प्लग वेगळा निघाला. पैठण गेटला मोबाइल दुरुस्तीची दुकाने रांगेने आहेत. तिथल्या एका पोराने दहा मिनिटांत सोल्डर मारून दिले. प्लग बॅटरीचा बदलायचा नाही, गाडीकडचा बदलायचा, असे त्यानेच सांगितले. बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापल्या तर कात्रीतच शॉर्ट होतो.

ट्रक पुन्हा धावू लागला. पंधरा दिवसांनी तो गल्लीतल्या फरशीच्या कडेला लागला, वेगही फारसा नव्हता. चाचांचा आर्म जसाच्या तसा. पण आर्म ज्याला जोडलेला असतो ती गिअरबॉक्सची पेटी उभी तडकली. त्या पेटीसाठी अर्धी गाडी खोलावी लागली आणि खर्च प्लास्टिकच्या आर्मच्या चौपट आला. आम्ही ट्रक चाचांपुढे ठेवला. त्यांनी पाहिले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून हसले. म्हणाले, "आमच्या मशीनमध्ये मुद्दाम एक कच्ची पिन टाकलेली असते. जोर आला की ती तुटते आणि मशीन वाचते. ही तुमची प्लास्टिकची आर्म म्हणजे तीच पिन होती, आणि मीच ती पक्की केली!" आता डब्यात प्लास्टिकच्या आर्मच्या दोन जोड्या जास्तीच्या आहेत. धातूचा आर्म धाकट्याच्या टेबलावर कागद दाबायला आहे.

सर्वो बसवण्याचा क्रमही चुकून शिकलो. आधी रिमोट आणि मग गाडी चालू करायची, म्हणजे सर्वो आपोआप मधोमध येतो. त्यानंतर चाके सरळ धरून वरची पट्टी बसवायची. आम्ही पट्टी आधी बसवली, तर ट्रक सतत उजवीकडे जायचा. बंद करताना उलट क्रम: आधी गाडी, मग रिमोट. रिमोट आधी बंद झाला आणि गाडी चालू राहिली, तर काही गाड्या भरकटतात.

गाडी आणि रिमोट बोलतात कसे, हे धाकट्याने त्या वेळी विचारले. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टाकीत रेडिओने होडी चालवून दाखवली होती, हे आम्ही सांगितले. त्याला घंटेत रस नव्हता. होडी आपटली होती का, एवढेच त्याला हवे होते. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि प्रत्येक रिमोट आपली गाडी ओळखतो. जुन्या खेळण्यांसारखे शेजारच्या पोराच्या रिमोटने आपली गाडी पळत नाही. रिसीव्हरची बारीक तार मात्र कापू नये आणि गुंडाळून ठेवू नये.

मोटर पुन्हा बसवताना तिचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांच्यात किती फट ठेवायची, हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालावी, मोटर दाबून धरावी, स्क्रू आवळावेत आणि पट्टी फिरवून काढावी. कागदावर दात्यांच्या घड्या उठल्या पण तो फाटला नाही, तर फट बरोबर. फाटला तर घट्ट आहे, नुसत्याच फिक्या खुणा दिसल्या तर सैल. हे काम आता धाकटाच करतो. आमच्यापेक्षा त्याची बोटे बारीक.

स्क्रू प्लास्टिकमध्ये जात असेल, तर आधी उलटा फिरवावा. टक असा हलका आवाज आला की तो जुन्या आट्यांत बसला, मग सरळ आवळावा, नाहीतर नव्या आट्या पडून भोक ढिले होते. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला निळे थ्रेडलॉक थेंबभर लावावे. प्लास्टिकला ते लावू नये, प्लास्टिक तडकते. शॉकअपमधले तेल गळाले तर सिलिकॉन तेलच घालावे. आम्ही एकदा शिलाई मशीनचे घातले होते, आतल्या रबरी कड्या फुगून बसल्या.

या शहराची माती ट्रकला शत्रू आहे. मैदानावरून आले की जुन्या दात घासायच्या ब्रशने धूळ झाडतो, चाके हाताने फिरवून पाहतो. खरखर आली तर बेअरिंग गेले. मोटरवर बोट ठेवतो, बोट टिकत नसेल तर थांबतो. गिअर अडकतोय किंवा चाकाच्या दांड्यात केस-दोरा गुंतलाय, असे तेव्हा बहुतेक निघते. पाण्याच्या डबक्यातून गेली असेल, तर त्या दिवशी चार्जिंग नाही.

मागच्या जुम्याला आम्ही नमाजहून येत होतो. जिन्यावर धाकटा धापा टाकत भेटला. ट्रक हातात, पुढचा आर्म तुटलेला, चेहरा धुळीने माखलेला.

"अब्बा, आपटली. जोरात आपटली. बॅटरी काढून गच्चीवर घमेल्यात ठेवलीय, कोपरा बघायला चला."