अग्निगोल: दिसतो कुठे, विझतो कुठे

शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. तो पाहण्यासाठी कोलकात्यासारख्या महानगराबाहेर जावेच लागते, ही समजूत चुकीची आहे. फिकट उल्का शहरी उजेडात हरवतात हे खरे, परंतु अग्निगोल तेथील गच्चीवरूनही स्पष्ट दिसतो.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र अंतराचा आहे. ‘समोरच्या इमारतीमागेच पडला’ असे पाहणारा प्रामाणिकपणे सांगतो, कारण आकाशातील वस्तूचे अंतर जोखण्याचे कोणतेही साधन डोळ्यांपाशी नसते. प्रत्यक्षात उल्का साधारण 100 किमी उंचीवर चमकू लागते आणि मोठ्या अग्निगोलाचा प्रकाशही बहुधा 20 ते 30 किमी उंचीवरच विझतो. कोलकात्यातून तो क्षितिजापासून 10 अंशांवर, प्रत्यक्ष 30 किमी उंचीवर विझताना दिसला, तर तो सुमारे 170 किमी दूर, म्हणजे दुर्गापूरच्याही पलीकडे असतो. त्यापुढे दगड उरलाच, तर तो वेग गमावून, न चमकता खाली येतो. त्यामुळे अशनी, म्हणजे जमिनीवर पोहोचलेला उल्कापाषाण, धगधगत पडतो आणि गवत पेटवतो ही कल्पनाही टिकत नाही. वातावरणात त्याचा केवळ पृष्ठभाग वितळतो आणि मागे पातळ काळे कवच राहते. गडगडाटही प्रकाशाबरोबर येत नाही: 30 किमीवरून ध्वनीला पोहोचायला दीड मिनिट लागते, म्हणून अग्निगोल दिसताच घड्याळ पाहून आवाजाची वाट पाहणे फार मोलाचे ठरते.

आकाशातील प्रत्येक प्रखर प्रकाश उल्केचाच असतो, असेही नाही. 15 डिसेंबर 2022 च्या संध्याकाळी कोलकात्यासह पश्चिम बंगालमध्ये दिसलेला गूढ प्रकाश ओडिशाच्या किनाऱ्याजवळून झालेल्या अग्नी-5 क्षेपणास्त्राच्या चाचणीचा होता. त्याच वर्षी 2 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भावरून तुकड्यातुकड्यांनी सरकत गेलेली प्रकाशरेषा चिनी अग्निबाणाच्या अवशेषांची ठरली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे सापडले. उल्का सेकंदाला 11 ते 72 किमी वेगाने शिरते आणि बहुधा काही क्षणांतच संपते. कक्षेतून उतरणारे अवशेष सेकंदाला सात-आठ किमी वेगाने, पुष्कळदा मिनिटभर रेंगाळत जातात.

नोंदीत ‘फार तेजस्वी होता’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. वेळ, निरीक्षकाचे ठिकाण, प्रकाशरेषेच्या आरंभाची व शेवटाची दिशा, क्षितिजापासूनची उंची, कालावधी, रंग आणि तुकडे झाले का, हे सर्व लगेच टिपावे. हात ताठ धरला असता मूठ सुमारे 10 अंश व्यापते, त्यामुळे उंची उपकरणाविना मोजता येते. दिशेसाठी एखाद्या खांबाची किंवा गच्चीच्या कडेची खूण धरून ती दुसऱ्या दिवशी होकायंत्राने तपासावी. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा नोंदी स्वीकारते, आणि दूरवरच्या दोन शहरांतील नोंदी जुळल्या की अग्निगोलाचा खरा मार्ग काढता येतो.

दगड सापडल्यास भारतात तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जायला हवा. या संस्थेचे मुख्यालय कोलकात्यातच असून, 1865 मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या आणि मंगळावरून आल्याचे पुढे सिद्ध झालेल्या अशनीचा मोठा भाग तिच्याच संग्रहात आहे. नागपूरजवळ काटोल येथे 22 मे 2012 रोजी भरदुपारी पडलेल्या अशनींचा अभ्यासही तिने केला. असा दगड धुऊ नये, फोडू नये आणि खात्री करण्यासाठी त्याला चुंबकही लावू नये, कारण चुंबकाच्या स्पर्शाने दगडात कोट्यवधी वर्षे टिकलेली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.