हिरवं पान छापलं म्हणजे पिशवी हिरवी झाली का?

आज आपण बाजारातल्या हिरव्या रंगाबद्दल बोलणार आहोत. साबणाच्या वेष्टनावर पान, बाटलीवर झाड, पिशवीवर पृथ्वीचं चित्र. सगळ्या कंपन्यांना एकदम निसर्गाचा कळवळा आलेला दिसतो. चांगलंच आहे. पण बाजारात टोमॅटो घेताना आपण फक्त वरचे बघून पैसे देत नाही, खालचेही चाळून बघतो. इथंही तसंच करायचं आहे.

पिशवीपासूनच सुरुवात करू, कारण तिच्यावर आपल्यातल्या कितीतरी जणींची रोजीरोटी आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. त्यानंतर अनेक बचत गटांनी शिलाई मशीन घेतली, कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. पण बाजारात तिसरीच पिशवी आली. दिसायला कापडासारखी, हाताला मऊ, रंगीत. दुकानदार म्हणतो, "ताई, ही कापडीच आहे, पर्यावरणाला चांगली." तिला नॉन-वोव्हन म्हणतात, म्हणजे न विणलेली. ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. सिमेंटची पोती ज्या प्लास्टिकची असतात, तेच हे प्लास्टिक. त्याचे तंतू उष्णतेनं दाबून चिकटवले की कापडाचा भास होतो.

ओळखायचं कसं? पिशवी उजेडात धरा. खऱ्या कापडात उभे-आडवे धागे दिसतात, हिच्यात ठिपक्यांसारखे दाब दिसतात. किंवा कडेचा छोटा तुकडा कापून चिमट्यात धरा आणि जपून जाळून बघा. सुती कापड कागदासारखं जळतं आणि राख होते. प्लास्टिक वितळतं, आक्रसतं आणि त्याची कडक गोळी होते. ही पिशवी कारखान्यात झटपट निघते, म्हणून स्वस्त पडते. 'कापडी' हे नाव लावून ती आपल्या गटाच्या पिशवीला बाजारातून ढकलते. म्हणजे खोट्या नावाचा तोटा गटाच्या मशीनवर बसलेल्या बाईलाही होतो.

दुसरा शब्द 'मातीत विरघळणारी'. आमच्या गटांच्या बैठकीत एकदा एक व्यापारी अशा पिशव्या घेऊन आला होता. गटांनी आगाऊ पैसे भरून माल उचलावा, गावोगाव विकावा, अशी त्याची योजना. आम्ही एवढंच म्हणालो, "दादा, प्रमाणपत्र दाखवा." उद्या आणतो म्हणून गेला, तो परत आला नाही. प्रमाणपत्र का मागितलं? कारण नियमाप्रमाणे अशा कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला आयएस १७०८८ हे मानक लागू आहे, आणि ते विकण्याआधी उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र असलं तरी ती चाचणी कंपोस्टच्या कारखान्यातल्या परिस्थितीची असते. तिथं पन्नास-साठ अंश उष्णता सतत राखतात. आपल्या उकिरड्यावर किंवा ओढ्यात ती पिशवी तशीच विरघळेल याची खात्री त्यातून मिळत नाही. तोवर ती गाईच्या पोटात गेली तर काय?

खुणांचाही गोंधळ होतो. खाद्यपदार्थावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, सेंद्रिय नव्हे. प्लास्टिकच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्या वस्तूचं खरंच पुन्हा काही बनेल, असं तो आकडा सांगत नाही.

हे फक्त छोटे व्यापारी करतात असं समजू नका. जर्मनीची फोक्सवॅगन कंपनी अमेरिकेत 'स्वच्छ डिझेल' म्हणून गाड्या विकत होती. २०१५ साली उघड झालं, की तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता घातक वायू कमी करणारी यंत्रणा गाडीत बसवलेली होती. रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत घातक वायू सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या.

मग सगळंच खोटं का? नाही. काही कंपन्या खरंच पाणी वाचवतात, वेष्टन कमी करतात. अशी कंपनी किती वाचवलं आणि कुणी मोजलं, हे सांगू शकते. जिच्याकडे सांगायला काही नसतं, ती पानं छापते. काही जण तर जबाबदारीही आपल्यावर ढकलतात. शाम्पूच्या आणि वेफर्सच्या पुड्या गावोगाव पोचवायच्या आणि 'कचरा करू नका' असा फलकही लावायचा. कचरा आपण करू नयेच. पण २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार वेष्टनाचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपनीवरही आहे. हे ग्रामसभेत बोलायला हरकत नाही.

आता कायदाही आपल्या बाजूनं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक', 'ग्रीन' असं नुसतं मोघम म्हणून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

मैत्रिणींनो, हाच नियम आपल्यालाही लावायचा. आपल्या मसाल्याच्या पाकिटावर 'शंभर टक्के सेंद्रिय' छापून घेण्याआधी विचारा, मिरची कुठून आणली, तिच्यावर काय फवारलं होतं, प्रमाणपत्र आहे का? नसेल तर 'घरी कांडलेला, रंग न घातलेला' एवढं खरं लिहा. गिऱ्हाईक खऱ्यावर टिकतं.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक पान छापलेली वस्तू घेऊन या. मध्ये ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. ही कशाची बनली आहे? हे कुणी तपासलं? वापरून झाल्यावर ही कुठं जाणार? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल घ्या. नाही मिळाली तर ते पान फक्त शाईचं आहे, एवढं समजा.